नागेश सुरवसे कुठल्या रकान्यात?

पोहे आले तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

सरकारी पाहणीला गेलेल्या माणसाला पाणी मिळतं, तेही मागितल्यावर. कधी कधी नुसतं अंगावर कुत्रं येतं. पण बार्शीच्या त्या गल्लीत, पहिल्याच घरात, मी खांद्यावरची बॅग खाली ठेवतो न ठेवतो तोच समोर पोह्यांची बशी. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड. बसायला दिलेल्या खुर्चीवर कोरा टॉवेल घातलेला. आणि पदर सावरत समोर सुरवसेबाई उभ्या.

आडनाव खरं नाही बरं का. त्या कामात कुणाचं नाव बाहेर सांगायचं नसतं. ते काम सुटून बरीच वर्षं झाली, पण तेवढं मी अजून पाळतो.

मी गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. "मी मोटे. सरकारच्या रोजगार पाहणीतून आलोय. घरात कोण काय काम करतं, एवढंच विचारायचंय."

त्यांनी ओळखपत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. ओठातल्या ओठात हसल्या. "विचारा की. मोकळेपणानं विचारा. लपवण्यासारखं काही नाही आमच्याकडे."

"घरात माणसं किती?"

"दोघंच. मी आणि नागेश. हे जाऊन सहा वर्षं झाली. नणंद नाही, दीर नाही, जाऊ नाही. आणि मी काय, एका कोपऱ्यात पडून असते."

"मुलाचं वय?"

"तीस. म्हणजे एकोणतीस पूर्ण. दिसत नाही तेवढा."

"शिक्षण?"

"डिप्लोमा झालाय. मेकॅनिकल. एकदाही नापास नाही."

"काम काय करतो?"

"कंपनीत आहे. सुपरवायझर!" हा शब्द त्यांनी शेजारच्या घरात ऐकू जाईल असा उच्चारला. "सकाळी साडेआठला डबा घेऊन जातो, संध्याकाळी सहाला घरात."

"गेल्या सात दिवसांत किती दिवस कामावर गेला?"

"सातही दिवस."

"रविवारीसुद्धा?"

"रविवारीसुद्धा बोलावतात हो. त्याच्यावाचून पान हलत नाही त्यांचं." मग जरा पुढे वाकून म्हणाल्या, "सुपारीचं खांडसुद्धा खात नाही."

"ते नव्हतं विचारलं मी."

"पुढं विचारलंच असतंत ना?"

मी म्हटलं, असेल बाईंचा स्वभाव. आमचा फॉर्मही असा होता की जमीन किती, घर स्वतःचं का, महिन्याला खर्च किती, लग्न झालंय का, सगळं त्यात यायचं. बाई एकेका उत्तराला खुलत होत्या. दीड एकर, वैरागजवळ, विहिरीसकट. घर स्वतःचं. लग्न? "योग जवळ आलाय," असं म्हणून त्यांनी माझ्या बशीत आणखी पोहे घातले.

"आणि तुम्ही? तुम्ही काही काम करता?"

"मी? छे! नागेश करूच देत नाही. मी आपली घरीच."

कोपऱ्यात चादर घातलेलं काहीतरी उभं होतं. चादरीखालून शिलाई मशीनचं पायडल दिसत होतं, आणि बाईंच्या खांद्यावर हिरव्या दोऱ्याचा तुकडा चिकटलेला होता. माझ्या डोळ्यांना ते दिसलं. पण पोह्यांनी भरलेल्या तोंडानं माणूस किती उलटतपासणी करणार? मी लिहिलं, घरकाम. मुलाच्या रकान्यात एकतीस टाकलं. आमच्याकडे प्रत्येक माणसाला त्याच्या कामाप्रमाणे एक आकडा असायचा. एकतीस म्हणजे पगारी नोकर. काम नाही पण शोधतोय, तो एक्क्याऐंशी. देशात बेरोजगारी किती टक्के, हे या एक्क्याऐंशींच्या बेरजेवरून ठरायचं.

त्या दिवशी मी गल्लीतली आठ घरं केली. आठही घरांत पोहे. आठही घरांतली पोरं कामाला, आणि एकाही पोराला कसलंही व्यसन नाही. शिवाय प्रत्येक घरात न विचारता सांगितलं, "आणि सुरवश्यांचा नागेश म्हणाल तर सोनं आहे, सोनं!"

शेवटच्या घरात एक म्हातारे तात्या ओट्यावर बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "मुलगी कितवी शिकलीय?"

"कुठली मुलगी?"

"आता आम्हाला कशाला बनवता पाहुणं? कुर्डुवाडीची. नागेशला सांगून आलेली. त्यांनी निरोपच धाडला होता, आमचा माणूस न सांगता येऊन बघून जाईल म्हणून. मागल्या स्थळाचा माणूस गॅसची नळी तपासणारा बनून आलता. तुम्ही लई पुढचं निघालात, थेट ओळखपत्र छापून आणलंत!"

अरे देवा! म्हणजे दिवसभर मी सरकारचा माणूस नव्हतोच, मुलीकडचा होतो. स्थळ बघायला येणारे जे विचारतात, नेमकं तेच माझ्या फॉर्मवर होतं. त्या बाईनं काय करायचं होतं?

खरं तर तिथूनच मागं फिरून सुरवश्यांच्या दारात उभं राहायला हवं होतं. सांगायला हवं होतं, बाई, गैरसमज झालाय, परत खरं खरं सांगा. नियम तसाच होता. पण शनिवारपर्यंत फॉर्म सोलापूरच्या ऑफिसात द्यायचे होते, पोट तट्ट फुगलं होतं, आणि माझी नोकरीही अकरा महिन्यांच्या कंत्राटाची. वर म्हटलं, मुलगा खरंच सुपरवायझर असेलही. मी एकतीस खोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दाढी करायला म्हणून स्टँडजवळच्या लिंबराजच्या सलूनमध्ये शिरलो. दुकानात दोन खुर्च्या, एक लांब बाकडं आणि चार पेपर. बाकड्यावर कडाक्याचं भांडण चाललं होतं. एकीकडे निवृत्त गव्हाणे गुरुजी, दुसरीकडे पत्र्याचे व्यापारी मोहोळकर शेठ. विषय तुम्ही ओळखलाच असेल. कुणाच्या राज्यात बेकारी जास्त.

"तुमच्या त्या माणसाच्या काळात पोरं देशोधडीला लागली होती!" गुरुजी म्हणाले.

"आणि तुमच्या ह्याच्या काळात काय पालखीतून मिरवतायत का? पेपरातला आकडा बघा!"

"तुम्ही बघा! चष्मा लावून बघा!"

लिंबराज माझ्या गालावर वस्तरा धरून ओरडला, "ओ, शांत बसा की! पाहुण्याचा कान कापला जाईल हितं. इंजिनिअर, तू सांग रे बाबा ह्यांना."

बाकड्याच्या टोकाला एक पोरगा बसला होता. इस्त्रीचा निळा शर्ट, पायाशी डब्याची पिशवी. त्यानं मांडीवरची लांब वही उघडली. पानापानावर पेपरातली कात्रणं चिकटवलेली. प्रत्येक पानाच्या वर त्या त्या वेळच्या पंतप्रधानाचा कापलेला फोटो, खाली सालं, आकडे, शाळेतल्यासारख्या आखलेल्या रेघा.

"गुरुजी, तुमचा आकडा वर्षाच्या हिशोबाचा आहे," तो शांतपणे म्हणाला. "शेठ, तुमचा आठवड्याच्या. एक माप टेपनं घेतलंय, एक वितीनं. असं ब्लाऊज शिवलं तर बाई अंगावर फेकून मारील."

सगळं दुकान हसलं. पण गंमत अशी की दोघंही गप्प बसले. त्या पोराचा शब्द तिथं दोन्ही बाजूंना चालायचा.

"एका मापानं मोजलं तर कोण जास्त?" शेठनी चिकाटी सोडली नाही.

"ते सांगतो. पण आधी हे ऐका. जो काम शोधतोय आणि मिळत नाही, तोच बेरोजगार. ज्यानं कंटाळून शोधायचंच सोडलं, तो बेरोजगारात धरत नाहीत. तो 'इतर' मध्ये जातो. म्हणजे पोरं हताश होऊन घरी बसली की आकडा सुधारतो. मग कुणाचाही फोटो वर लावा."

मला राहवलं नाही. साबण लावलेल्या तोंडानंच म्हणालो, "बरोबर बोलताय तुम्ही. मी ते फॉर्म भरतो."

पोरगा ताडकन उभा राहिला. "म्हणजे तो आकडा तुम्ही काढता?"

"काढत नाही हो. घरोघर जाऊन लिहून आणतो. काढणारे दिल्लीत."

तरी त्यानं मला चहा पाजला. एक तासाला काम धरतात म्हणजे कसं, शेतावर घरच्यांना मदत केली तर, शिकवणीचं काय, घरं कशी निवडता, असं तासभर विचारत होता. माझ्या त्या टिनपाट नोकरीकडे इतक्या आदरानं आजवर कुणी पाहिलं नव्हतं, माझ्या बायकोनंसुद्धा नाही. मी आपला फुशारून सांगत राहिलो. म्हटलं, पोरगा हुशार आहे, कुठं प्राध्यापक वगैरे असेल, आज सुट्टी घेतली असेल.

तो लिंबराजच्या खुर्चीत बसायला उठला तेव्हा वही बाकड्यावर राहिली. पहिल्या पानावर सुबक अक्षरात नाव होतं. ना. रा. सुरवसे.

काल ज्याच्या रकान्यात मी एकतीस टाकलं होतं, तो हाच.

मी निघालो तसा लिंबराज दारापर्यंत आला. हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही गावात फिरता म्हणून सांगतो. त्याच्या घराकडं काय बोलू नका. कंपनीनं चौदा महिन्यांपूर्वी एक पाळीच बंद केली, त्यात गेला. आईला ठाऊक नाही. सकाळी वाचनालय, दुपारी हितं. सहा वाजले की घरी."

मी मान हलवली. आणि सोलापूरला जाऊन तो फॉर्म जसा होता तसा देऊन टाकला. त्या घरात जी बाई मशीनवर राबत होती ती माझ्या कागदावर घरी बसलेली होती, आणि जो बसून होता तो रविवारीसुद्धा कामावर जात होता.

आमच्या पाहणीत शहरातल्या त्याच घरांना तीन-तीन महिन्यांनी परत जायचं असतं. तीन महिन्यांनी बार्शीला आलो तेव्हा आधी सलूनच गाठलं. नागेश होताच. निळा शर्ट, पिशवी, वही. मला बघून चेहरा फुलला त्याचा.

"साहेब, एक विचारू? आमच्या गल्लीत गेला होतात ना मागं? तात्या म्हणत होते."

"गेलो होतो."

"आमच्या घरी?"

"नागेशराव, हे सांगता येत नाही. गुप्त असतं."

"मला माझ्या घरचं सांगायला गुप्त?" तो हसला. मग हसणं थांबलं. "आईनं माझं काय सांगितलं?"

मी चहाच्या ग्लासात बघत बसलो. न बोलूनच सगळं बोलून गेलो.

त्यानं वही मिटली. तिच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "म्हणजे यात मी नाहीच," तो म्हणाला. "सतरा महिने हा आकडा कापून चिकटवतोय साहेब. लोकांना वाटतं मला राजकारणाचा नाद आहे. मला कुणाच्या फोटोशी काही देणंघेणं नाही हो. घरात मी सुपरवायझर. गल्लीत सुपरवायझर. इथं इंजिनिअर. खरं काय ते कुणी म्हणतच नाही. मला वाटायचं, एवढ्या मोठ्या देशाच्या आकड्यात, त्या टिंबाच्या पुढं कुठंतरी का होईना, मी असेन. तिथं तरी मला खरं धरलं असेल."

मला असं मेल्याहून मेल्यासारखं झालं ना, काय सांगू! त्याच्या आईनं मुलीकडच्या माणसाला खोटं सांगितलं होतं. मला खरं कळल्यावरही मी सरकारला खोटं दिलं होतं.

"आज तुमच्याकडे यायचंच आहे," मी म्हणालो. "पुन्हा विचारायचंय सगळं."

"मग चार वाजता या. मी घरी असेन. मला विचारा. आईला नको."

"पण कुर्डुवाडीचं स्थळ? त्याचं काय झालं?"

"मुलीच्या आजोबांचं वर्षश्राद्ध होईतोवर थांबलेत. होईल आता." त्यानं डब्याची पिशवी उचलली. "म्हणून तर म्हणतोय. सुपरवायझर म्हणून बोहल्यावर चढू का मी?"

चारला मी गल्लीत पोचलो तर सुरवश्यांच्या दाराबाहेर एक अनोळखी मोटारसायकल. आत कोरा टॉवेल घातलेल्या खुर्चीवर एक गृहस्थ. पांढरा शर्ट, टोपी, हातात पोह्यांची बशी. मशीनवर चादर. बाई मला बघून जागच्या जागी थिजल्या. एक मुलीकडचा माणूस खुर्चीत बसलाय आणि दुसरा दारात उभा, म्हणजे दोघांतला एक नक्की कोण, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

"हे कुर्डुवाडीचे आवताडे मामा," नागेश म्हणाला. तो भिंतीशी स्टुलावर बसला होता. "मुलीचे मामा. अर्ध्या तासापूर्वी आले, न कळवता."

"मी उद्या येतो," मी म्हणालो. "घाई नाही."

"बसा साहेब."

"अहो पाहुणे आहेत. उद्या..."

"बसा, साहेब," नागेश पुन्हा म्हणाला. "उद्या मला जमणार नाही. म्हणजे माझी छाती होणार नाही."

मामांनी बशी गुडघ्यावर ठेवली. "कोण हो हे?"

"सरकारची रोजगार पाहणी," मी म्हणालो. फॉर्म मांडीवर घेतला. "गेल्या सात दिवसांत तुम्ही काही काम केलं?"

"नाही."

"नागेश!" बाई ओरडल्या.

"एक दिवस? एक तास तरी?"

"दळण आणलं. ते धरत नाहीत."

"नाही धरत." मी पुढचा प्रश्न वाचला, आणि वाचता वाचताच मला कळलं की आपण पोराला कुठं आणून उभं केलंय. "काम शोधलं का?"

सलूनमध्ये हेच सगळ्यांना समजावून सांगणारा नागेश इथं अडला. त्याला ठाऊक होतं, 'हो' म्हटलं तर आत, 'नाही' म्हटलं तर बाहेर. 'इतर' मध्ये. आणि खोटं तर आज बोलायचंच नव्हतं.

"पहिले आठ-नऊ महिने शोधलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पुण्याला गेलो, चाकणला गेलो. मग... नाही साहेब. नाही शोधलं. रोज डबा खातो आणि परत येतो."

मी पेन टेकवलं. 'इतर'चा आकडा लिहायचा होता. लिहवेना.

"शोधतोय तो," मागून आवाज आला.

सुरवसेबाई पुढे आल्या. मघाची ती पाहुण्यांसमोरची जपून बोललेली भाषा कुठल्या कुठं गेली होती. "त्यानं नसंल शोधलं. मी शोधतीय. लिहा."

"आई, तुला..."

"मला काय? गप बस. मला काय डोळं नाहीत? सतरा महिने तुझा शर्ट कोण धुतंय? आधी कॉलर घासून घासून माझी बोटं सोलायची, काळं तेल निघायचं नाही. एक दिवस शर्ट आला तो वाळलेल्या कपड्यासारखा कोरा. दुसऱ्या दिवशी तसाच. तवाच कळलं मला. म्हटलं, पोरगं सांगत नाही तर आपण तरी कशाला विचारायचं? लाजंल बिचारं. डबा भरून देत गेले."

नागेश दोन्ही हातांत डोकं धरून बसला. बाईंनी सरळ कोपऱ्यात जाऊन मशीनवरची चादर ओढली. सुईखाली अर्धवट शिवलेलं जांभळं ब्लाऊज होतं.

"ही बघा. रोजची तीन-चार ब्लाऊजं शिवते मी. माप घेताना एकेका बाईला विचारते, तुझ्या मालकाच्या वळखीत काय काम हाय का गं, माझा पोरगा लई गुणाचा हाय. डॉक्टरीणबाईंना विचारलंय, पायपाच्या दुकानवाल्याच्या बायकोला तर दर ब्लाऊजाला विचारते. ह्याला शोधणं म्हणत्यात का न्हाय तुमच्या सरकारात?"

मी नागेशकडे पाहिलं. त्यानं मान वर केली होती. डोळे भरून वाहत होते, पण त्यातला तो सलूनमधला हुशार पोरगा जागा झाला होता.

"नातेवाइकांमार्फत, ओळखीच्यांमार्फत शोधलं तरी चालतं," तो हळूच म्हणाला. "चालतं ना साहेब?"

"चालतं," मी म्हणालो. "आणि काम मिळालं तर कराल?"

"उद्या सकाळपासून."

मी रकान्यात आकडा लिहिला. एक्क्याऐंशी. इतक्या ठळक अक्षरात मी आयुष्यात काही लिहिलं नसेल. नागेशनं वाकून तो पाहिला, आणि खरं सांगतो, नोकरीचं पत्र मिळालेला माणूससुद्धा तसा श्वास सोडत नाही.

"आणि माझंबी खोडा," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "मागल्या खेपंला सांगितलं घरी असते. न्हाय असत मी घरी. म्हणजे असते घरीच, पण काम करते."

मामा उठले. त्यांनी बशीतले उरलेले पोहे उभ्याउभ्या संपवले, टाकले नाहीत, बशी बाईंच्या हातात दिली. "ताई, पोरीच्या बापाला जे आहे ते सांगावं लागंल मला," ते म्हणाले. "पण वाईट काही सांगणार नाही."

मी त्यांच्या मागोमाग बाहेर पडलो. मोटारसायकलला किल्ली लावून ते तसेच थांबले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "साहेब, हे तुम्ही कुर्डुवाडीतसुद्धा करता का हो?"

"घर निवडीत आलं तर."

"माझा थोरला पुण्यात कंपनीत आहे, असं आम्ही सगळ्यांना सांगतो." एवढंच बोलले आणि किक मारून गेले.

ते स्थळ काही जमलं नाही. मुलीच्या वडलांनी नकार कळवला. पुढच्या तिमाहीला मी बार्शीला जायच्या आतच माझे अकरा महिने भरले, आणि माझ्या जागी दुसरा माणूस गेला. मी सोलापूरला घरी बसून अर्ज खरडत होतो. बायको शेजारी सांगायची, "ह्यांची बदली व्हायचीय." मी काही बोलायचो नाही.

वर्षभरानं एका चुलत्याच्या कामासाठी बार्शीला गेलो तेव्हा पाय आपोआप लिंबराजकडे वळले. बाकडं पेटलं होतं. पेपरात आकडे आले होते. मी हिंडलो होतो त्या महिन्यांचे, तिमाहीमागून तिमाही. मी दुसऱ्यांदा बार्शीला गेलो त्या तिमाहीत बेकारी आधीच्यापेक्षा पाव-अर्धा टक्का वाढलेली.

"बघा! बघा तुमच्या माणसाचे दिवे!" मोहोळकर शेठ पेपर नाचवत होते.

"अहो, टिंबाच्या पुढचं वाढलंय! टिंबाच्या पुढं काय असतं?" गुरुजी बाकडं बडवत होते. "काही नसतं तिथं!"

"इंजिनिअर येऊ दे. जेवणाच्या सुट्टीत येतोय तो," लिंबराज म्हणाला. "पायपाच्या दुकानात लागलाय साहेब. गोडाऊन बघतो."

एक वाजता नागेश आला. मला बघून धावत येऊन त्यानं दोन्ही हात धरले. शर्टाची कॉलर काळीकुट्ट, अंगाला पाइप जोडायच्या सोल्युशनचा वास. म्हणाला, आई रोज शिव्या घालते आणि घासते. मग बाकड्यावर बसून त्यानं पेपर मागून घेतला, लिंबराजची कात्री घेतली आणि तो आकडा चौकोनी कापून वहीत चिकटवला.

"आता तूच सांग," गुरुजी म्हणाले. "ह्याच्यापेक्षा त्याच्या काळात जास्त होती की नाही? टिंबाच्या पुढच्याला काय अर्थ आहे?"

नागेशनं उत्तर दिलं नाही. खिशातून पेन्सिल काढली, आकड्याच्या कडेला, शिक्षक मार्क देतात तशा बारीक अक्षरात दोन शब्द लिहिले आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. दोघं चष्मे लावून वाकले. मीही वाकलो.

त्यानं लिहिलं होतं, 'मी धरून.'